पलटणीतल्या वाचकासाठी

सातारा जिल्ह्यात असे गाव क्वचितच सापडेल, की ज्याच्या एखाद्या तरी घराच्या भिंतीवर फौजी गणवेशातील पुरुषाची तसबीर टांगलेली नाही. आणि काही गावांचा हा संबंध तर इतका जुना व घनिष्ठ आहे, की अपशिंगे गावाच्या नावास 'मिलिटरी' हे उपपद कायमचे जडले, आणि कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील टाकळीस लोक 'सैनिक टाकळी' म्हणूनच ओळखू लागले. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ पुरुष कामास आले. अशाच परंपरेतील, परंतु ज्याचे नाव फारसे कोणाच्या कानावर गेलेले नसेल अशा एका गावी, माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक बाई वरच्या वर्गांतील काही मुलामुलींना हाताशी धरून, गावातून फौजेत गेलेल्या जवानांसाठी दरमहा एक घरगुती अंक काढतात. त्या अंकाला छापखाना नाही, कचेरी नाही आणि वर्गणीही नाही. मुले मजकूर गोळा करतात, बाई शाळा सुटल्यावर संगणकावर पाने जुळवतात, आणि सिद्ध झालेली प्रत फोनवरून प्रथम घरोघरी व मग घरच्यांच्या हातून जवानांपर्यंत जाते. जेथे फोन पोहोचत नाही, किंवा जेथे तो बाळगण्यास मनाई आहे, तेथील जवानांसाठी तीच पाने कागदावर उतरवून टपालाने रवाना केली जातात.

या बाईंचे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. भाचीवर त्यांची माया जितकी, तितकीच तिच्या अंकावर त्यांची हरकतही ठाम. गावातून भरतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पहाटे माळावर धावायला नेणारा हा मनुष्य आणि त्याच मुलाला दहावीपर्यंत शिकवून भरतीचा अर्ज भरून देणारी ही शिक्षिका, यांच्यापैकी जवानावर अधिक प्रेम कोणाचे, हा प्रश्न उद्भवतच नाही. आणि म्हणूनच त्यांच्यात जो वाद मी ऐकला तो मला लिहून ठेवण्याजोगा वाटला. त्या दोघांची बोली साताऱ्याची आहे. मी ती लेखी वळणात उतरवली असली, तरी विचार सर्वस्वी त्यांचेच आहेत. जेथे माझे मत आले आहे तेथे ते माझे म्हणूनच सांगितले आहे.

मामांचा पहिलाच प्रश्न अंकाच्या मुळाला हात घालणारा होता. ते म्हणाले, "पोरी, हा अंक तू नेमका कोणासाठी काढतेस, ते मला आधी सांग. मी दोन-तीन अंक नीट वाचले. पहिल्या पानावर झेंडा, दुसऱ्या पानावर वाघ, तिसऱ्या पानावर रक्ताचा अभिषेक, आणि पाठीमागे पोरांच्या पाच कविता, ज्यांत प्रत्येक जवान डोळ्यांत अंगार घेऊन उभा असतो. मी ग्लेशियरवर राहून आलेला माणूस आहे. तिथे डोळ्यांत अंगार नसतो. डोळ्यांवर बर्फाचा काळा चष्मा असतो, आणि तो काढला तर दृष्टी जाईल की काय ही धास्ती असते. पायांची बोटे शाबूत आहेत का, रॉकेल पुरेल का, आणि हवा निवळून हेलिकॉप्टर आले तर त्यात आपल्या नावाचे पत्र असेल का, एवढ्याच तीन गोष्टी माणूस दिवसभर मनात घोळवतो. त्याला तू वाघ म्हणालीस तर तो तुला काय उत्तर देणार? ज्या रात्री त्याला भीती वाटली असेल, त्या रात्री तुझा अंक त्याच्या काय कामाचा?"

बाई थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "मामा, तुमचे म्हणणे कवितांपुरते मला मान्य आहे, परंतु त्या कविता लिहिणारी मुले नववीतली आहेत, आणि त्यांनी आजवर सैनिक जसा पाहिला तसाच ती लिहिणार. आमच्या वर्गातील एका मुलीचा भाऊ आसामात आहे. त्याने तिची कविता छापील कागदावर पाहिली आणि फोन करून तिला एवढेच विचारले, की तुझे अक्षर सुधारले का. ती मुलगी त्या दिवसापासून लिहू लागली. तेव्हा अंक वाचणाऱ्याइतकाच तो लिहिणाऱ्यांनाही काही देतो. आणि जवानांसाठी गाणी लावावीत, कार्यक्रम करावेत, हे काही आम्ही नव्याने काढलेले नाही. विविधभारतीवरची 'जयमाला' ऐकत तुमचीच पिढी वाढली ना?"

"ऐकत वाढली," मामा म्हणाले, "पण 'जयमाला' आम्हांला का आवडे, ते तू ध्यानात घे. त्यात गाणे आम्ही मागायचो. पोस्टकार्डावर फर्माईश जायची, आणि एक दिवस आपल्या कंपनीतील पोरांची नावे रेडिओवर यायची. सबंध बराक उठून उभी राहायची. आपल्याला काय हवे ते कोणीतरी विचारले, हा त्यातला आनंद. तुझ्या अंकात आम्ही काही मागत नाही. तुम्ही जे द्याल ते आम्ही घ्यायचे, आणि वर आभार मानायचे."

येथे मला वाटते की मामांनी, कदाचित त्यांच्याही नकळत, या सबंध विषयाची किल्ली हाती दिली. विविधभारती १९५७ साली सुरू झाली, आणि तिच्यावरील फौजी बांधवांचा कार्यक्रम आजवर लोकांच्या स्मरणात टिकून राहिला, याचे कारण त्यातील गाण्यांच्या गोडव्यात जेवढे आहे तेवढेच निवड ऐकणाऱ्याची होती या गोष्टीत आहे. सैनिकांसाठी निघालेल्या नियतकालिकांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. आपल्या सेनेचे 'सैनिक समाचार' हे पत्र २ जानेवारी १९०९ रोजी 'फौजी अखबार' या नावाने सुरू झाले. १९५४ साली त्यास आजचे नाव मिळाले. आणि मराठीसह तेरा भाषांतून ते निघत आले आहे. त्याचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु ते सरकारने शिपायास सांगितलेले वर्तमान आहे. याच्या अगदी उलट, १९१६ च्या फेब्रुवारीत बेल्जममधील ईप्र येथे एका ब्रिटिश पलटणीच्या अधिकाऱ्यांना तोफांनी उद्ध्वस्त झालेल्या इमारतींत एक छापयंत्र सापडले, आणि त्यांनी आघाडीवरच 'वायपर्स टाइम्स' नावाचे पत्र काढले. चिखल, उंदीर, वरिष्ठांचे हुकूम आणि वर्तमानपत्री युद्धवार्ताहरांची पोकळ वीरश्री, या साऱ्यांची त्यात मनसोक्त थट्टा असे. ज्यांच्या डोक्यावरून गोळे जात होते त्यांनीच ते लिहिले आणि त्यांनीच वाचले. ज्या वर्षी 'फौजी अखबार' निघाला, त्याच १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढून मराठी वाचकाला एका निराळ्याच सोहळ्याची सवय लावली. पुढे शाळाशाळांतून हस्तलिखित अंक निघाले ते त्याच सवयीच्या पोटी, आणि बाईंचा घरगुती अंक मला त्या हस्तलिखितांच्याच वंशातील वाटतो. फरक एवढाच, की शाळेच्या हस्तलिखिताचा वाचक शाळेतच बसलेला असे, आणि बाईंचा वाचक हजार कोसांवर आहे व बहुधा गप्प आहे. त्या गप्प वाचकास बोलते करणे हे संपादकाचे पहिले काम. तो बोलू लागेपर्यंत त्याच्यावर केलेली स्तुती ही आपण आपल्यालाच ऐकवलेली असते.

बाईंनी मामांचे म्हणणे मानले. निदान त्यानंतर त्यांनी कवितांची बाजू पुन्हा घेतली नाही.

मामांची दुसरी हरकत सुरक्षिततेची होती, आणि तिच्यावर वाद असा झालाच नाही. "तुझ्या एका अंकात," ते म्हणाले, "एका पोराचा फोटो आहे. पाठीमागे डोंगर दिसतो, खांद्यावरचा बिल्ला दिसतो, आणि खाली लिहिले आहे, की तो अमुक महिन्यात सुट्टीवर येणार आहे. असे चार पोरांचे चार फोटो कोणी शेजारी शेजारी ठेवले, तर कोणती पलटण कुठे आहे आणि कधी हलणार, हे कळायला फार हुशारी लागत नाही. २०२० च्या जुलैत सेनेने हुकूम काढून ८९ ॲप जवानांना फोनमधून पुसायला लावली, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होते, ते उगाच नव्हे. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा तुझ्या शाळेलाही लागू आहे. आणि टपाल कसे जाते ते बघ. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि पुढे फक्त ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ. माझ्या आईने मला आयुष्यभर पत्रे लिहिली, आणि मी कोणत्या डोंगरावर आहे हे तिला कधी ठाऊक नव्हते. तरी एकही पत्र चुकले नाही."

बाईंनी तत्काळ सांगितले, की यापुढे अंकात जवानाचा फोटो, पलटण, ठिकाण व रजेची तारीख यांतले काहीच येणार नाही. गावाचे फोटो मात्र येतील, कारण गाव कोठे आहे हे कोणापासून लपवायचे नाही. मला हा निवाडा फार आवडला. फौजी टपालाचा पत्ता ठिकाण न सांगता माणसास शोधून काढतो. त्याच रीतीने अंकानेही जवानाविषयी न लिहिता जवानाला लिहावे.

मात्र यानंतर जो प्रश्न निघाला त्यावर दोघांचे जे तुटले ते मी तेथून निघेपर्यंत जुळलेले नव्हते. तो प्रश्न असा, की गावाकडची वाईट बातमी अंकात यावी की न यावी.

मामांचे मत एखाद्या हुकुमासारखे स्पष्ट होते. "येऊ नये. माझ्या प्लॅटूनमध्ये एक पोरगा होता, फार गुणी. त्याच्या घरून पत्र आले, की सामायिक विहिरीवरून चुलत्यांनी वडिलांना मारहाण केली. त्या रात्री तो संतरी म्हणून उभा होता. नजर समोर, पण मन सगळे विहिरीवर. मी शेजारून चालत गेलो तरी त्याने मला हटकले नाही. मी शत्रू असतो तर? पलटणीत रीत अशी, की मोठी वाईट बातमी आधी साहेबांच्या किंवा सुभेदार मेजरच्या हाती येते. ते त्या पोराला बोलावतात, बसवतात, पाणी देतात, मग सांगतात, आणि सांगतानाच त्याच्या सुट्टीचा कागद तयार असतो. माणसाने माणसाला समोर बसवून सांगायची गोष्ट तुमच्या सहाव्या पानावर यायला नको."

"मृत्यू आणि आजार, हे आम्ही कधी छापले नाहीत आणि छापणारही नाही," बाई म्हणाल्या. "पण मामा, तुमच्या काळी वाईट बातमी एका वाटेने येत होती, आता ती दहा वाटांनी येते. विहिरीवर भांडण झाले की तासाभरात कोणा चुलतभावाचा फोन जातो, आणि त्यात निम्मे खरे व निम्मे तिखटमीठ असते. पोरगा रात्रभर तळमळतो, आणि उलट फोन करावा तर घरचे म्हणतात, 'काही नाही, तू काळजी करू नकोस.' हे 'काही नाही'च त्याला खाते. त्यापेक्षा, यंदा पाऊस ओढला, पाझर तलावात पाणी इतके आहे, पाण्याच्या पाळ्या ग्रामपंचायतीने अशा ठरवल्या आहेत, आल्याचा भाव पडला आहे, कारखान्याने उसाची पहिली उचल अजून दिलेली नाही, असे जर कोणी सरळ लिहिले, तर त्याला निदान पाय टेकायला जमीन मिळते."

"पाऊस ओढला हे त्याला कळून तो काय करणार? त्याच्या हातात रायफल आहे, कुदळ नाही."

"तो निर्णय करणार. पाऊस नाही तर या वर्षी आले लावायचे की घेवड्यावरच भागवायचे, कर्ज काढून बोअर घ्यायची की थांबायचे, हे त्याच्याच घरी त्यालाच विचारले जाते. त्याच्या पगारावर ते घर चाललेले आहे. ज्याच्या पैशावर निर्णय व्हायचा, त्यालाच खरी स्थिती सांगायची नाही, हा कोणता न्याय?"

मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी केवळ मान हलवली, आणि ती होकाराची नव्हती.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे सरकारी तपासनीस उघडून वाचीत, त्यांतील उतारे वेगळे काढून त्यांचे अहवाल करीत, आणि ते अहवाल लंडनमध्ये अद्याप जपून ठेवलेले आहेत. त्यांवरून दिसते, की शिपाई सरळ लिहिता येत नाही म्हणून गप्प बसत नसत; काळ्या मिरीचा साठा संपत आला, आता लाल मिरी वापरात येऊ लागली आहे, अशा सांकेतिक बोलीत हिंदी आणि गोऱ्या पलटणींची खरी अवस्था ते घरी कळवीत. सत्य कळवण्याची आणि सत्य कळून घेण्याची ही ओढ कोणत्याही तपासणीने मेली नाही. आणि आपल्या महाराष्ट्राचे त्याच युद्धातील दुःख तर याहून निराळे होते. मेसोपोटेमियात कुट येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी सेना वेढ्यात अडकली तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शेवटी अन्न संपून शरणागती पत्करावी लागली, आणि त्यानंतरच्या कैदेत, वाळवंटातील चालीत, शिपाई हजारोंनी दगावले. त्या सबंध काळात साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या, पुण्याच्या खेड्यांतून किती घरे केवळ मौनाकडे कान लावून बसली असतील, याची कल्पना केली की मन सुन्न होते. बातमी न मिळण्याचे दुःख बातमीच्या दुःखाहून लहान नसते. आणि हे जसे घराला लागू आहे तसेच पलटणीतल्या माणसालाही.

म्हणून या एका मुद्द्यावर माझे मत बाईंच्या बाजूने आहे. मृत्यू, आजार, मारामारी, फौजदारी यांची बातमी पलटणीच्या वडीलधाऱ्यांमार्फतच जावी, हे मामांचे म्हणणे अनुभवाचे आहे आणि ते डावलण्याचा अधिकार अंक काढणाऱ्या कोणासही नाही. परंतु पीकपाणी, भाव, कर्ज, रस्ता, शाळा, ग्रामसभेचे ठराव या गोष्टी जवानापासून दडवणे म्हणजे त्याला अल्पवयीन समजणे होय. तो गावाने पोसलेला पाल्य नाही. तो गावचा खातेदार आहे, मतदार आहे, आणि बहुतेक घरी कर्ताही तोच आहे. ज्याला आपण आपल्या रक्षणाचे काम सोपवले, त्याला आपल्या विहिरीची पातळी सोसवणार नाही असे मानणे हे मला प्रेमाचे लक्षण वाटत नाही.

त्यानंतर मामांनी जे बोलून दाखवले ते त्यांच्या मनात बहुधा आरंभापासून होते. "तुला पाठिंबाच द्यायचा असेल," ते म्हणाले, "तर तो कागदावर नको, कचेरीत दे. बॉर्डरवरच्या पोराला सर्वांत मोठा शत्रू कोण? बांधावरचा शेजारी. पोरगा चार वर्षे बाहेर आहे, म्हातारा-म्हातारी घरी आहेत, तेव्हा बांध दोन हात सरकतो. मोजणीचा अर्ज पडून राहतो. बाप वारला तर वारसाची नोंद होत नाही, फेरफार अडतो, सातबाऱ्यावर भलतेच नाव चढते. पोरगा वर्षातून एकदा सुट्टीवर येतो, आणि त्याची निम्मी सुट्टी तलाठ्याच्या आणि तहसीलदाराच्या दारात जाते. आमचे साहेब कलेक्टरला पत्र लिहीत. कधी उपयोग होई, कधी होत नसे. १९२५ चा एक कायदा आहे, सैनिकांच्या दाव्यांचा, तो गावात कोणाला ठाऊक आहे? तुझ्या एवढ्या अंकांत त्यावर एक ओळ तरी आली का?"

ती ओळ आली नव्हती, आणि बाईंनी तसे सांगितले. हा कायदा खरोखरच आहे आणि तो अजून जिवंत आहे. विशेष परिस्थितीत नोकरी बजावणारा सैनिक जर दिवाणी किंवा महसुली दाव्यात पक्षकार असेल आणि हजर राहू शकत नसेल, तर त्याच्या कमांडिंग अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून न्यायालयाने ते काम तहकूब ठेवावे; तो आपल्या जिल्ह्याचा रहिवासी असून हजर राहू शकणार नाही असे कलेक्टरास वाटले, तर कलेक्टरानेही आपण होऊन तसे न्यायालयास कळवावे; आणि त्याच्या गैरहजेरीत हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्याची वाट मोकळी असावी, अशी त्याची साधारण योजना आहे. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत, तेथे माजी सैनिक, विधवा आणि अवलंबित यांच्यासाठी योजना आहेत. पण खेड्यातील म्हातारीला त्या कार्यालयाचा जिना चढायला कोणीतरी हात द्यावा लागतो.

"मामा," बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या स्वरात वादाचा आवेश नव्हता, "कचेरीत जाईन. वर्गातील वरची मुले बरोबर नेईन, त्यांनाही अर्ज लिहायला आला पाहिजे. पण केलेले काम त्या पोराला कळायला नको का? अमक्याच्या मोजणीची फी भरली, तमक्याची वारसनोंद झाली, असे अंकात आले तर त्याच्या मनाला किती स्वस्थता मिळेल?"

"आणि चारचौघांत त्याच्या घराची लक्तरे टांगली जातील. भावाभावांचा तंटा छापायचा असतो का?"

येथे बाईंनी जो तोडगा काढला तो मला या सबंध चर्चेतील सर्वांत उपयुक्त वाटला. सर्वांसाठी असलेल्या अंकात केवळ सार्वजनिक गोष्टी राहतील: पाऊस, भाव, ग्रामसभा, यात्रेचा दिवस, शाळेचा निकाल, कायद्याची माहिती. त्या अंकाबरोबर प्रत्येक जवानाला एक स्वतंत्र कागद जाईल. त्यावर त्याच्याच घराची, त्याच्याच शेताची, त्याच्याच अर्जाची स्थिती असेल, आणि तो कागद आधी त्याच्या आई-वडिलांना किंवा पत्नीला वाचून दाखवून, त्यांची संमती घेऊनच रवाना होईल. कागदाच्या तळाशी जागा कोरी राहील, तिथे त्याने आपली फर्माईश लिहून पाठवायची. 'जयमाले'चा धडा बाईंनी असा उचलला होता, आणि मामांच्या ते ध्यानात आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

मामांनी तोडग्याला हरकत घेतली नाही. त्यांनी फक्त आणखी दोन माणसांची आठवण करून दिली. एक म्हणजे २०२२ नंतर अग्निवीर म्हणून गेलेला पोरगा, ज्याची नोकरी चार वर्षांची असून ज्याच्या तुकडीतील फार तर चौथा हिस्सा पुढे कायम होणार आहे. "तो विशी ओलांडताच परत येईल," मामा म्हणाले, "तेव्हा त्याला हार नको, काम हवे. पोलीस भरती, वन खाते, रेल्वे, बँकेचे सुरक्षा रक्षक, कुठे जागा निघाल्या, परीक्षा कधी, कागद कोणते, हे त्याला तो तिकडे असतानाच कळले पाहिजे. त्याच्या वयाचा विचार कर, आणि मग पानांची वाटणी कर." दुसरे घर गावातच, देवळाच्या पाठीमागे, जिथला मुलगा परत आला नाही. त्याच्या नावाने अंक पाठवायचा की बंद करायचा, हे बाईंनी मामांनाच विचारले. मामांनी बराच वेळ विचार केला आणि सांगितले, की अंक त्या घरी जाऊ दे, पण फोनवर नको. छापील प्रत मी स्वतः नेऊन देईन आणि बसून वाचून दाखवीन. ज्या मनुष्याने या अंकाला विरोध केला, त्यानेच त्याचा एक वाचक अंगावर घेतला, आणि मला वाटते की यानंतर त्यांच्या विरोधाचा जो भाग उरला आहे तो अंकाच्या हिताचाच आहे. संपादकाला असा एक तरी वाचक असावा लागतो, जो प्रत्येक पानावर हा मजकूर पलटणीतल्या माणसाला कशासाठी, असे विचारील.

वाईट बातमीचा प्रश्न दोघांत अद्याप मिटलेला नाही. पाण्याची पातळी बाई छापणार आहेत. मामा ती छापू नये असेच म्हणत राहणार आहेत.

ज्यांच्या गावातून मुले फौजेत गेली आहेत, अशा शिक्षकांना, पदवीधरांना आणि संगणक हाताळता येणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे, की त्यांनी असा अंक जरूर काढावा. त्यास खर्च थोडा आहे आणि कौशल्यही फारसे लागत नाही. परंतु पहिले पान जुळवण्याआधी प्रत्येक जवानाच्या घरी जावे, त्याला काय वाचायला हवे ते त्यालाच विचारावे, त्याचे ठिकाण व पलटण कोठेही छापू नये, आणि ज्या महिन्यात एकाही जवानाचे काम घेऊन कोणी तहसील कचेरीत गेलेले नसेल, त्या महिन्यात अंकाला हात लावण्यापूर्वी ते काम करून यावे.